मायभूमीचे राजकारण आणि परमुलुखातील आपण



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी नागरिकशास्त्राचा पहिला धडा गिरवला, त्याच शाळेने मला आज आमच्या सरांच्या स्मरणार्थ बोलण्यास उभे करावे, हा माझा मोठाच बहुमान आहे. माझी योग्यता मी जाणून आहे. मी ना इतिहाससंशोधक, ना राजकारणी. आयुष्यभर मुलांना शिकवले आणि आता ऐंशी ओलांडल्यावर जे पाहिले त्याचा अर्थ लावीत बसलो आहे. तेव्हा आजचे बोलणे हे विद्वानाचे व्याख्यान न समजता, एका जुन्या विद्यार्थ्याने सरांपुढे ठेवलेला उशिराचा गृहपाठ समजावा, ही विनंती.

विषय मी मुद्दामच असा निवडला आहे की, ज्यावर आपल्या घराघरांत वाद होतात, पण व्यासपीठावरून सहसा कोणी बोलत नाही. आपण मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहतो. मन मात्र महाराष्ट्रातील घडामोडींकडे लागलेले असते. तिकडे काही घडले की आपण तावातावाने मत देतो. तिकडची मंडळी कधी त्याचे कौतुक करतात, कधी ‘तुम्हांला काय कळते’ म्हणून उडवून लावतात. दूर राहणाऱ्याला मायभूमीच्या राजकारणात बोलण्याचा अधिकार कितपत, आणि त्याची मर्यादा कोणती, हा माझा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करावयास छत्रीबागेइतके योग्य स्थान नाही. येथून हाकेच्या अंतरावर होळकर घराण्यातील व्यक्तींच्या छत्र्या आहेत. या घराण्याचे मूळ नीरा नदीकाठच्या होळ गावी. आडनावही त्या गावावरून पडले. मल्हारराव १७६६ साली कैलासवासी झाले ते होळला नव्हे, आलमपूरला, आजच्या भिंड जिल्ह्यात. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, चौंडीचा. देह ठेवला १७९५ मध्ये, नर्मदेच्या काठी महेश्वरला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही राजधानी झाली आणि त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, वैद्य, शिक्षक, शिपाई अशी आपल्या पूर्वजांची रांग येथे स्थिरावली. २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाची बैठक चौंडीला भरली आणि मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची आपल्या राजवाड्यात. एकाच बाईंवर दोन राज्यांनी हक्क सांगितला आणि कोणाचेही काही बिघडले नाही. जन्मभूमी आणि कर्मभूमी यांची ओढ एका ठिकाणी सुखाने नांदू शकते, याचे हे मला फार बोलके उदाहरण वाटते.

भाषेच्या बाबतीतही इंदूरने हेच केले. १९१७ साली येथे मराठी साहित्य संमेलन भरले आणि पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन. १९३५ साली पुन्हा तसेच. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी मराठी संमेलनाचे अध्यक्ष, तर हिंदी संमेलनाच्या अध्यक्षपदी पुन्हा गांधीजी. दोन्ही आपल्याच शहरात. दोन मांडवांत बसण्याची सवय आपल्याला जुनी आहे. दोन मांडवांत बसणाऱ्याला दोन्हीकडचे आहेर मिळतात, हे खरे. पण दोन्हीकडचे रुसवेही त्याच्याच वाट्याला येतात.

ते रुसवे मी प्रथम पाहिले ते १९५६ साली. त्या वेळी मी बारा वर्षांचा होतो. वडील कापड गिरणीत कारकून, आणि माझे धाकटे काका मुंबईस गिरगावात नोकरीला. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरदात प्रसिद्ध झाला आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी पेटली. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार असल्याचे जाहीर केले आणि मुंबईत जागोजागी पुन्हा गोळ्या चालल्या. या लढ्यात शंभरांवर माणसे प्राणांस मुकली.

आमच्या वाड्यात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी ओटल्यावर मंडळी जमत, वर्तमानपत्राचे मोठ्याने वाचन होई, आणि वडील सर्वांत कडक बोलत. त्यांनी काकांना आंदोलनाच्या निधीसाठी पंधरा रुपयांची मनिऑर्डर पाठवली. त्या काळी कारकुनाला पंधरा रुपये ही लहान रक्कम नव्हती. बरोबर पत्र लिहिले की, काही झाले तरी माघार घेऊ नका. आठवड्याभराने काकांचे कार्ड आले. ते आजही माझ्यापाशी आहे. नेहमीप्रमाणे ‘ती. दादांस शि. सा. न. वि. वि.’ असा मायना, आणि पुढे मजकूर असा: ‘पैसे पोचते केले. आपल्या पत्रातील माघारीविषयीचे वाक्य घरात वाचून दाखवले नाही. खालच्या मजल्यावरचा मुलगा इस्पितळात आहे, गोळी मांडीला लागली. तो माघार घेणार नाही, मीही घेणार नाही. पण ते आमचे आम्ही ठरवावे हे बरे.’

वडील दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. काकांनी थोरल्या भावाला असे लिहावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकांना पुन्हा पत्र लिहिले. त्यात आंदोलनाविषयी अक्षर नव्हते. त्या मुलाची प्रकृती कशी आहे, औषधाला काय लागते, एवढेच विचारले होते. पुढे त्यांनी आणखी पैसे पाठवले, ते त्या औषधासाठी. मला वाटते, परमुलुखातील माणसाने मायभूमीशी कसे वागावे याचे सारे शिक्षण त्या दोन पत्रांमधील फरकात आहे. पहिल्या पत्रात आवेश होता आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजावयाची होती. दुसऱ्या पत्रात चौकशी होती.

याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक गोष्ट घडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत राज्य विसर्जित झाले. भोपाळ, विंध्य प्रदेश आणि महाकोशल यांच्यासह आपण नव्या मध्य प्रदेशात आलो. मध्य भारतात उन्हाळ्यातील राजधानीचा मान इंदूरला होता, तो गेला. राजधानी भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला, आणि आपल्या वाट्याला खंडपीठ. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली तेव्हा सरांनी वर्गात विचारले, ‘आता आपली राजधानी कोणती?’ मी मोठ्या उत्साहाने उभा राहिलो आणि म्हणालो, ‘मुंबई.’ वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, ‘मुंबई तुझ्या काकांची, बाळ. तुझी भोपाळ. शाळेला अनुदान हवे असेल तर अर्ज तिकडे करावा लागतो.’

सरांचे ते वाक्य मला पुढे कायद्याची पुस्तके चाळताना नव्याने समजले. ज्या राज्य पुनर्रचनेने आपल्याला महाराष्ट्राबाहेर ठेवले, तिच्याच बरोबर १९५६ साली संविधानात सातवी दुरुस्ती झाली आणि ३५० क व ३५० ख हे अनुच्छेद आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे पहिला सांगतो. त्यांच्या संरक्षणांवर लक्ष ठेवण्यासाठी राष्ट्रपतींनी विशेष अधिकारी नेमावा, असे दुसरा. अनुच्छेद ३० ने शाळा काढण्याचा अधिकार तर आधीच दिला होता. म्हणजे मध्य प्रदेशातील आपल्या मराठीचे जे काही हक्काचे मागणे आहे, ते भोपाळपाशी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्यात मातृभाषा मराठी सांगणारे बारा लाखांच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी या अनुच्छेदांचा आधार घेऊन एक तरी अर्ज केला असेल? मीही केला नाही. मुंबईत काय चुकते आहे ते मात्र मी साठ वर्षे सांगत आलो.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगण्यास मला संकोच वाटतो. पण सरांच्या नावाच्या व्याख्यानात ती लपवणे बरे नव्हे. २००८ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबई व इतर शहरांत उत्तर भारतीयांवर हल्ले केले. टॅक्सीवाले, फेरीवाले यांना मारहाण झाली, आणि पुष्कळ माणसे भीतीने गाव सोडून गेली. ऑक्टोबरमध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उमेदवारांनाही मार बसला. फेब्रुवारीतील ती बातमी वाचून मी सकाळी पोहे खाता खाता, गल्लीतील चार मराठी मंडळींत म्हणालो, ‘झाले ते बरेच झाले, कोणी तरी बोलायला हवेच होते.’ आमच्या समोर जौनपूरकडचे एक गृहस्थ राहत. चाळीस वर्षांचा शेजार. त्यांच्या मुलीच्या लग्नात वाढपाला मी, आणि माझ्या आईच्या अंत्ययात्रेत खांदा द्यायला ते. त्यांनी ते ऐकले. त्यांचा मेहुणा मुंबईस टॅक्सी चालवीत असे आणि दोनच दिवसांपूर्वी काच फुटलेली गाडी तशीच टाकून गावी परतला होता. हे मला ठाऊक नव्हते. ते एवढेच म्हणाले, ‘भिया, उसने वहाँ किसका क्या बिगाड़ा था?’

आपल्या इंदुरात ‘भिया’ हे परक्यालाही जवळ करणारे संबोधन आहे. तोच शब्द मुंबईत ‘भय्या’ होऊन शिवीसारखा वापरला जात होता, आणि मी येथे बसून त्याला मान डोलावीत होतो. मराठी माणसांच्या नोकऱ्यांचा प्रश्न खोटा होता असे मी म्हणत नाही. पण त्या प्रश्नाची झळ मला लागत नव्हती आणि त्या मारहाणीची जखमही मला होत नव्हती. उलट, मी स्वतः परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या मानाने राहत होतो. जो नियम मुंबईतील जौनपूरच्या माणसाला लावावयाचा, तोच इंदुरातील मला लावला असता तर? या शहराने तो लावला नाही. चिपळूणला जन्मलेल्या आणि लग्न होऊन येथे आलेल्या सुमित्रा महाजन यांना याच मतदारसंघाने १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेत पाठवले. त्यांचा पक्ष आपणांस रुचो वा न रुचो. मतपेटीपुढे त्यांचे माहेर कोणी आडवे आणले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या सकाळनंतर समोरच्या गृहस्थांनी बोलणे सोडले नाही. पण होळीला गुजिया घेऊन ते स्वतः यायचे, त्या वर्षी नातवाच्या हाती पाठवल्या. मी जाऊन क्षमा मागितली ती पुढच्या होळीच्या आधी, म्हणजे फारच उशिरा.

रुसव्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा निर्णय १६ एप्रिलला काढला, १७ जूनला त्यात बदल केला, आणि मोठा विरोध झाल्यावर २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेतले. आपल्याकडील बहुतेकांचे म्हणणे, ‘हिंदीने काय बिघडते? आम्ही शिकलो, आमची मराठी राहिलीच ना?’ मीही पुण्याच्या पुतणीला दूरध्वनीवर हेच ऐकवले. ती शिक्षिका आहे. म्हणाली, ‘काका, सहा वर्षांच्या मुलांना तीन भाषा एकदम शिकवायच्या आहेत त्या मला. तुम्हांला हिंदी गल्लीत मिळाली, शाळेने लादली नाही. आणि राहिलीच म्हणता, तर तुमच्या नातवाला मराठी वाचता येते का?’ मजपाशी उत्तर नव्हते. नातू मराठी समजतो, बोलतो, ‘मी येऊन राहिलो’ म्हणतो आणि पुण्याची भावंडे त्याला हसतात. पण देवनागरी अक्षरे ठाऊक असूनही मराठी पुस्तक त्याने कधी उघडले नाही. पुतणीचा मुद्दा पूर्णपणे पटला असे नाही. परंतु वर्गात ती उभी राहणार होती, मी नव्हे. आणि हे मी बोलण्यापूर्वी ध्यानात घ्यावयास हवे होते.

येथे कोणी म्हणेल, मग काय दूरच्याने मौनच पाळावे? नाही. असे मी मुळीच म्हणत नाही. १९७५ ते ७७ या आणीबाणीच्या काळात येथील वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, हजारो माणसे तुरुंगात होती. त्या वेळी अमेरिकेतील काही भारतीयांनी तेथे सभा घेतल्या, पत्रके काढली, निदर्शने केली. त्यांच्यापैकी काहींची पारपत्रे आपल्या सरकारने रोखली. जवळच्यांचे तोंड बंद केले गेले असता दूरच्यांनी बोलणे हे कर्तव्यच होते, आणि त्यांनी त्याची किंमत स्वतः मोजली.

बेळगावची गोष्ट तर आणखी वेगळी. तेथील मराठी माणूस कोठून कोठे गेलेला नाही. १९५६ मध्ये सीमारेषाच त्याच्या अंगणावरून गेली. त्याला आपल्यासारखा ‘परमुलुखातील’ म्हणणे अन्याय होईल. १९६६ चा महाजन आयोग, १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन आणि त्यातील गोळीबार, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हे सारे त्याने उंबऱ्यावर सोसले. २०२२ च्या डिसेंबरात दोन्ही राज्यांत पुढाऱ्यांची भाषणे तापली, तेव्हा दगड पडले ते मालमोटारींवर आणि एसटीवर. सीमा कोठे असावी, या वादात माझे मत आहेच. पण येथे दूरचे कोण आणि जवळचे कोण, हे पाहावे. भाषण मुंबईत किंवा बंगळुरात होते, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडावयाचे असते बेळगावच्या माणसाला.

आणि आता काळाने आपल्यालाच दुसऱ्या बाजूस आणून बसवले आहे. या शाळेचे कित्येक विद्यार्थी आज अमेरिकेत, इंग्लंडात, आखातात आहेत. त्यांची मायभूमी म्हणजे हे इंदूर. आणि मागे राहिलेले ‘जवळचे’ आपण. ज्यांचे पारपत्र अद्याप भारतीय आहे, त्यांना २०१० च्या कायद्यानुसार मतदारयादीत नाव घालता येते, मात्र मत द्यावयास प्रत्यक्ष यावे लागते. ज्यांनी परदेशाचे नागरिकत्व घेतले, त्यांचे भारतीय नागरिकत्व नागरिकत्वाच्या कायद्याने संपते. परदेशस्थ भारतीयाचे कार्ड असले तरी मताचा अधिकार राहत नाही. हे नियम मला कठोर वाटत नाहीत. परंतु निवडणूक आली की, कोणाला मत द्यावे आणि कोण देशद्रोही, याचे संदेश माझ्या घरी न्यू जर्सीहून येतात. गेल्या खेपेस त्यावरून घरात दोन भावांचे बोलणे तुटले. एक येथला, एक तेथला. मी मध्ये पडलो नाही. काकांचे ते जुने कार्ड तेवढे छायाचित्र काढून दोघांना पाठवले. तेथल्याने चार दिवसांनी उत्तर पाठवले, त्यात पहिला प्रश्न होता: ‘गल्लीत पाणी आता रोज येते का?’

श्रोतेहो, मला जे सांगावयाचे ते इतकेच. मायभूमीविषयी बोलण्याचा हक्क अंतराने नाहीसा होत नाही. पण शेवटचा शब्द त्याचा, ज्याच्या दारात परिणाम उभा राहतो. म्हणून दूर असलेल्याने सल्ला देण्यापूर्वी चौकशी करावी, आणि आपल्या आवेशाची किंमत कोण मोजणार आहे, हे स्वतःस विचारावे. जवळच्यानेही दूरच्याला ‘तुम्हांला काय कळते’ म्हणून दार लावू नये, कारण त्याच्या बोलण्याचे पडसाद दूरच्या नातलगाच्या गल्लीतही उमटत असतात. २००८ साली ते माझ्या गल्लीत उमटले होते. आणि आपण जेथे राहतो, कर भरतो, जेथे आपली मुले शाळेत जातात, तेथील नागरिकाचे काम आधी करावे. आपल्या मराठीसाठी एक अर्ज भोपाळला करावयाचा राहून गेला आहे. त्याचा मसुदा मी तयार करून आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना सही करावयाची असेल, त्यांनी कृपया कार्यालयात यावे. समोरच्या गृहस्थांच्या नातवाने तो टंकलिखित करून दिला आहे.

सरांनी १९५६ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी इतक्या वर्षांनी दुरुस्त करीत आहे.